रविवारचे दहा मासे

“लागला का रे?” डॉक्टरांनी डोळे न उघडता विचारलं.

“नाही डॉक्टर. अजून नाही.”

“मला लागल्यासारखं वाटलं.”

“वारं असेल.”

मी बंधाऱ्याखाली गुडघाभर पाण्यात उभा होतो. डॉक्टर हेर्लेकर काठावरच्या सपाट दगडावर पाय सोडून बसलेले, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, चष्मा खिशात, डोळे गच्च मिटलेले. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलेलं आणि त्या बोटावरनं काळा रेशमी दोरा पाण्यात गेलेला. तीन वाजल्यापासनं आम्ही तिथं होतो. साडेचार होऊन गेले तरी ट्रेमध्ये मासा एक. एकच! आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मलाही तो तेव्हा अर्धाच कळला होता, आणि अर्धवट शहाणपणानंच माझा घात केला.

आईचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू. वर्षभर डॉक्टर म्हणत होते, “पिकू दे अजून.” तो पिकेपर्यंत आई चुलीपुढं चाचपडत भाकऱ्या करायची, आणि दिवाळीत तव्यावर हात टेकवून चांगला तळवा भाजून घेतला तिनं. “मला धरून परसाकडं न्यायची पाळी आली की मी मेले म्हणून समज,” असं ती मला रोज ऐकवायची. एकच डोळा, आणि त्याला हात लावू द्यायचा तर फक्त हेर्लेकर डॉक्टरांनाच, हे तिचं ठरलेलं. आमच्या धर्मादाय दवाखान्यात त्यांनी पंचवीस वर्षांत किती डोळे उघडले असतील त्याला गणती नाही. मी त्यांचा कंपाउंडर, अकरा वर्षं नोकरीत.

तर आईची तारीख दोनदा लागली आणि दोन्ही वेळा मोडली. पहिल्यांदा रविवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “उद्याची यादी रद्द कर आनंदा, मला बरं वाटत नाही.” पुढच्या रविवारीही तेच. आणि दोन्ही रविवारी काय झालं होतं? मासे लागले नव्हते. एकदा तीन, एकदा चार. मी मनाशी गणित मांडलं: मासे नाहीत, की डॉक्टरांचं डोकं फिरतं, डोकं फिरलं, की ऑपरेशन रद्द. एवढा मोठा माणूस, पण माशांच्या बाबतीत हट्टी पोरासारखा.

ते मासे तरी कसले, सांगू? करंगळीएवढा निघाला तर आम्ही त्याला दांडगा म्हणायचो. बाकीचे काडीएवढे, पारदर्शक, आतला काटा दिसावा असे. त्यांना धड नावसुद्धा नाही, लोक नुसतं ‘बारकी’ म्हणतात. आमच्या नदीत वीतभर मासा सहज मिळतो, पण डॉक्टर मोठ्या माशाच्या वाटेला जात नसत. “मोठा मासा काय, आंधळ्यालाही कळतो,” म्हणायचे. बारकीसाठी त्यांनी गळ स्वतः केलेला. डोळ्याला टाके घालायची जुनी वाकडी सुई, तिचं टोक कानशीनं घासून. आणि दोरा म्हणजे टाक्यांचाच रेशमी दोरा, उरलेले तुकडे गाठी मारून जोडलेले. आमिष मोहरीएवढी कणीक, हिंगाचा वास लावलेली. ती मळून द्यायचं काम माझं.

आणि मजा कशात? तर मासा खाण्यात नाही, डॉक्टर शुद्ध शाकाहारी. मजा त्या टिचकीत. एवढासा जीव खाली कणकेला तोंड लावतो आणि ते वर बोटाला कळतं. एकदा त्यांनी मलाही बसवलं होतं. “डोळे मीट. आता बोटानं बघ.” मी मिटले. पहिली दहा मिनिटं काही नाही, वैताग आला. मग एकदम जाणवलं. कुणीतरी पलीकडनं विचारल्यासारखं, आहेस का? आईशप्पथ, अंगावर काटा आला. दोन तोळ्यांचा नाही तो मासा, पण वर काढला तेव्हा मला वाघ मारल्याचा आनंद झाला. डॉक्टर टाळ्या वाजवून हसत होते.

धरलेले मासे ते दवाखान्यातल्या किडनी ट्रेमध्ये पाणी घालून सोडायचे, भिंगातनं एकेक बघायचे आणि उठताना परत नदीत ओतायचे. गावात लोक म्हणायचे, “डॉक्टर मासे धरत नाहीत, त्यांचे डोळे तपासतात. मोतीबिंदू नसला तर सोडून देतात.” हे कानावर आलं की डॉक्टरच सगळ्यात जोरात हसायचे. दोन तासांत चाळीस-पन्नास बारकी सहज यायची तेव्हा.

आणि आता दीड तासात एक.

माझं काम पाण्यात उभं राहून गळातला मासा सोडवायचं. तिथनं मला दोरा जवळनं दिसायचा. त्या दिवशी तो सारखा थरथरत होता. वारा आहे, असंच मला वाटलं. डॉक्टर मधेच झटक्यानं वर ओढायचे, गळ रिकामा. कधी मासा कणीक कुरतडून निघून जायचा, तरी त्यांना पत्ता नाही.

“आज नदी रुसलीय,” मी म्हणालो.

“नदी नाही रे रुसत,” ते म्हणाले. आवाज असा पडलेला, की मला आईची तारीख गेल्याचं दिसायलाच लागलं. तिनं सकाळी डोक्यावरनं आंघोळ करून घेतली होती. ऑपरेशननंतर महिनाभर डोकं भिजवायचं नाही ना, म्हणून दोन्ही वेळा तिनं शिकेकाई लावून केस धुतले, आणि दोन्ही वेळा तारीख मोडली. ही तिसरी.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. बंधाऱ्याच्या फळीतनं पाणी गळतं तिथं बारकीची झुंबड असते. मी चार चिरमुरे टाकले, पंचा पाण्याखाली पसरला आणि उचलला. पंधरा-वीस आली एका खेपेत. ती मी कणकेच्या डब्यात पाणी घालून कमरेला लावली. डॉक्टरांचे डोळे मिटलेलेच. मग दोऱ्याजवळ गेलो, पाण्याखालनं दोरा दोन बोटांत धरला आणि बारीकशी टिचकी मारली.

“आला!” डॉक्टर ओरडले आणि वर ओढलं. मी गळ मुठीत धरला, डब्यातलं एक बारकं त्याला लटकवलं आणि म्हणालो, “लागला, लागला! बघा डॉक्टर!”

त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला, खरं सांगतो, पुण्य केल्यासारखं वाटलं.

दुसरा मासा. तिसरा. मग मी अंगात आल्यासारखा खेळायला लागलो. कधी दोनदा टिचकी मारायची, कधी नुसतीच हूल द्यायची, म्हणजे खरं वाटावं. “हा सुटला वाटतं,” असं डॉक्टर म्हणाले की मी म्हणायचो, “सुटलाच. पण बरोबर ओळखलंत.” मला आतून हसू येत होतं. आई, उद्या तुझा डोळा उघडतोय, असं मनात म्हणत होतो.

“किती झाले?” त्यांनी विचारलं.

“दहा.”

“मोज नीट.”

“दहाच आहेत. तुम्हीच मोजा.”

त्यांनी चष्मा लावला, ट्रे मांडीवर घेतला आणि बोटानं दाखवत एकेक मासा मोजला. दहा भरले तरी ट्रे मांडीवरनं उतरवला नाही. बघतो तर डोळे भरलेले.

“काय डॉक्टर,” मी म्हणालो, “मासे बघून रडायला लागलात? खाणारे रडत नाहीत, आणि तुम्ही सोडणारे!”

“आनंदा, वर ये. बस इथं.”

मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी उजवा हात समोर धरला.

“हा हात दिवाळीपासून हलतोय,” ते म्हणाले. “सारखा नाही. अधूनमधून. ऑपरेशनला मी मनगट टेकवतो, म्हणून तुला दिसलं नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तर तो दहा गोळ्या देईल आणि दहा जणांना सांगेल. म्हणून मी माझीच परीक्षा ठरवली. ज्या बोटाला बारकीची टिचकी कळते, ते बोट माणसाच्या डोळ्याजवळ न्यायला हरकत नाही. ज्याला कळत नाही, त्यानं नेऊ नये. रविवारी दहा मासे. दहा आले तर सोमवारी ऑपरेशन, नाही आले तर रद्द. मागचे दोन रविवार नापास झालो.”

त्यांनी हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

“आज ठरवून आलो होतो,” ते म्हणाले. “आज नाही आले, तर परत हत्यार हातात धरायचं नाही. पाटी उतरवायची. आणि बघ! एकापाठोपाठ नऊ. मला प्रत्येक टिचकी स्पष्ट कळली रे. स्पष्ट!”

पायाखाली नदी वाहतेय आणि माझ्या तोंडात पाणी नाही.

“डॉक्टर, एक सांगू?”

“सांग की.”

ते माझ्याकडं बघत होते. साठी उलटलेला माणूस, आणि चेहरा असा, की आताच पेपरात पहिला नंबर वाचून आलाय. सांगायचं एवढंच होतं, की त्यातले नऊ माझे. तीन शब्द. पुढं कितीतरी वर्षं मी ते तीन शब्द एकटा असताना मोठ्यानं म्हणून बघितलेत, अजिबात अवघड नाहीत. पण त्या घडीला जीभ उचललीच नाही.

“थंडी पडायला लागली,” मी म्हणालो. “पाय पाण्यातनं काढा.”

त्यांनी ट्रे स्वतः नदीत ओतला आणि शीळ घालत घराकडं निघाले. मी मागनं सामान घेऊन.

घरी आलो तर आई दारात केस मोकळे सोडून बसलेली, ओल्या केसांचा वास अंगणभर.

“आलास? लागलं का मासं?” तिलाही माझं गणित मी सांगून ठेवलं होतं.

“लागले.”

“किती?”

“दहा.”

“देव पावला गं बाई!” ती हात जोडून म्हणाली. “मग उद्या जायाचं. पातळ कुठलं नेसू? ते निळं नेसते, डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीवर बरं दिसंल.”

ती हसली. मी चूळ भरायच्या निमित्तानं मोरीत गेलो आणि तिथंच उभा राहिलो. हिला त्या हाताखाली बसवायचं? एकुलता डोळा! तो हात हलला तर? आणि नाही बसवायचं, तर कारण काय सांगायचं? आईला खरं सांगितलं असतं तर तिनं मला तसंच धरून डॉक्टरांच्या दारात नेलं असतं. तशीच होती ती.

बाहेर येऊन मी म्हणालो, “आई, उद्याचं काही खरं नाही. येताना डॉक्टर म्हणाले, बरं वाटत नाही. रद्दच आहे सगळं.”

“आं? दहा मासं लागलं म्हणालास की.”

“लागले, पण नंतर चक्कर आली त्यांना.”

तिनं केस गुंडाळून बांधले. “बरं,” म्हणाली. “जीव संभाळा म्हणावं त्यांला. माझं काय, बसलीया की अजून.” आणि चाचपडत आत जाऊन चूल पेटवायला लागली.

सकाळी दवाखान्यात मी डॉक्टरांना दुसरं खोटं सांगितलं. “आईला खोकला झालाय.”

खोकला म्हटलं की संपलं, हे मला अकरा वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं. खोकल्याच्या पेशंटचा डोळा कुठलाच डॉक्टर उघडत नाही. एक ढास लागली तर टाके तुटतात. डॉक्टर हळहळले. “अरेरे. तिसऱ्यांदा गेली बिचारीची. बरं, बरी झाली की आधी तिलाच घेऊ. तिच्या जागी कोण आहे?”

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. आईला बाहेर काढायचं एवढंच डोक्यात. रिकामी झालेली जागा कुणीतरी भरणार, हे रोज यादी लिहिणाऱ्या माणसाच्या ध्यानात येऊ नये?

“कुणी नाही,” मी म्हणालो.

“कसं नाही? तो व्हरांड्यात पडलाय की चार दिवस.”

तो म्हणजे निंगाप्पा बुरूड. सीमेकडच्या एका खेड्यातनं गुरुवारी काठी टेकत एकटाच आलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तारीख पुढच्या महिन्याची दिली तर म्हणाला, “जाऊन परत कसा येऊ साहेब? हितंच बसतो. कुणी आजारी पडलं तर माझा नंबर लावा.” बांबू चिरताना बोट दिसत नाही म्हणून तीनदा कापून घेतलेलं. चार दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटांचे आवाज ऐकून अंदाज घ्यायचा, कोण शिंकतंय, कोण खोकतंय.

“त्याला पुढच्या सोमवारी घेऊ, डॉक्टर,” मी म्हणालो. “आज दोनच राहू देत.”

“का?”

“असंच. तुम्हाला ताण नको.”

ते मोठ्यानं हसले. “अरे, काल दहा आलेत! आज मी तिघं काय, सहा करीन. जा, पापण्यांचे केस काप त्याच्या.”

मी व्हरांड्यात गेलो. निंगाप्पा पाय ओळखून उठून बसला.

“लागला का नंबर, कंपौंडरसाहेब?”

“लागला.”

“शिवा शिवा! कुणाचा मिळाला?”

“माझ्या आईचा.” का सांगितलं कुणास ठाऊक. निदान तेवढं तरी खरं बोलावं वाटलं असेल.

त्यानं चाचपून माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मी त्याला बाकावर बसवलं, कात्रीला मलम लावलं आणि उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापले. कापताना दोनदा कात्री मागं घेतली.

“भ्या वाटतंय व्हय?” त्यानं मलाच विचारलं. “मला न्हाई वाटत. देवमाणसाचा हात हाय.”

पहिले दोन पेशंट झाले. काय सुंदर झाले! मी हत्यारं हातात देत होतो आणि डॉक्टरांच्या बोटांवरनं नजर काढत नव्हतो. मनगट टेकलेलं, बोटं निवांत, ओठात कसलासा अभंग. मला वाटायला लागलं, उगीच घाबरलो. कदाचित माझं खोटंच औषध झालं असेल. धीर आला की हात थांबत असेल. आईला आणायला हवं होतं, असंसुद्धा मनात येऊन गेलं. देवाशपथ आलं.

मग निंगाप्पा. डोळा उघडला, बिंदू निघत आला आणि हात हलला. एकदाच. एरवी चहाचा कप धरताना कुणाचाही हलावा इतकाच. पण आत हत्याराचं टोक होतं, आणि डोळ्यातलं जे घट्ट पाणी कधी बाहेर येऊ नये, ते भळकन बाहेर आलं. डॉक्टरांचा अभंग थांबला.

“आनंदा, कापूस,” ते म्हणाले. जमेल तेवढं सावरलं, टाके घातले. निंगाप्पा खालनं विचारत होता, “झालं का साहेब? बरं झालं का?” आणि मी पट्टी गुंडाळत होतो.

तो बाहेर गेल्यावर डॉक्टर बेसिनपाशी हात धूत उभे राहिले. धूत राहिले, धूत राहिले.

“काल दहा आले होते, आनंदा,” ते पाण्याकडं बघत म्हणाले.

“हो, डॉक्टर.”

“मला प्रत्येक टिचकी कळली होती.”

“हो.”

“मग असं कसं झालं रे?”

मी नळ बंद केला आणि टॉवेल पुढं केला. अजून कशाचं सामर्थ्य माझ्यात नव्हतं.

सात दिवसांनी पट्टी सुटली. निंगाप्पाला त्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, पुढं तेही गेलं. डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, “माझ्या हातनं चुकलं, बाबा. दुसऱ्या डोळ्यासाठी मिरजेला पाठवतो, सगळी सोय मी करतो.” पण तो ऐकेना. “नगं साहेब. हाय तेवढं धुरकट ऱ्हाऊ दे. आता त्याला कुणाचा हात नगं.” मी पाया पडलो त्याच्या, तीनदा गाडीत बसवायला गेलो. नाहीच आला. दीडदोन वर्षांत तोही डोळा पिकून बंद झाला.

डॉक्टरांनी त्या सोमवारनंतर हत्यार धरलं नाही. पाटी उतरवली आणि मुलीकडं पुण्याला गेले. जाताना मला गळ देऊ केला, मी घेतला नाही. सहा वर्षांनी तिथंच वारले. आपली परीक्षाच चुकीची होती, असं समजून गेले. बारकीसारखी गोष्ट त्यांच्याशी खोटं बोलली, असं समजून.

हेर्लेकर डॉक्टरच नाहीत म्हटल्यावर आईही तयार झाली, तिला मी महिनाभरात मिरजेला नेलं. झकास झालं. जाड भिंगाचा चष्मा लागला आणि आई तांदळातला खडा बसल्या जागी दाखवायला लागली. मी हसतमुखानं जगायला शिकलो. शिकतो माणूस.

तीनएक वर्षांनी एका दुपारी कुणाचं तरी बोट धरून निंगाप्पा आमच्या दारात आला. डोक्यावर नवंकोरं सूप. बरोबरचा माणूस बाहेर थांबला.

“आनंदरावांचं घर हेच न्हवं?”

मी आतच होतो. आई पुढं झाली. “व्हय. कोण तुम्ही?”

“तुमीच काय आक्का, आनंदरावांच्या आई? बघा, तुमचं सूप आणलंय. चाचपून केलंय, वाकडंतिकडं असंल तर गोड मानून घ्या. लई दिस यायचं हुतं. तुमच्या लेकानं सवताच्या आईचा नंबर मला दिला हुता. माझा डोळा गेला त्ये माझं नशीब, डॉक्टरांचा हात हलला त्ये त्यांचं. पण सख्ख्या आईला घरात ठिवून परक्याला बशिवणारा मानूस मी दुसरा बघितला न्हाई. सांगत असतो गावात सगळ्यांस्नी.”

आईनं त्याला बसवलं, जेवायला वाढलं, दह्याची वाटी हातात दिली. मला हाक मारली नाही. तो जेवून, मला आशीर्वाद देऊन गेला. तिनं त्याचं ताट उचललं. मग आत आली.

“आनंदा, त्या सोमवारी आपरेशनं रद्द हुती म्हणालास मला.”

मी सूप उचलून भिंतीला टेकवलं.

“झाली हुती?”

“हो.”

“डॉक्टरांचा हात हलतोय, हे तुला आधी म्हाईत हुतं?”

“आदल्या दिवशी कळलं.”

“म्हणून मला नेलं न्हाईस.”

“तुझा एकच डोळा, आई...”

“ते कळलं मला. मला काढलंस, आई हाय म्हणून काढलंस.” जाड काचेमागं तिचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. “मग त्याला का बशिवलंस?”

डॉक्टर म्हणाले, माझा इलाज नव्हता, मी सांगून बघितलं, असं काहीबाही मी बोलत गेलो. माशांचंसुद्धा त्याच दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“उद्या त्याच्या गावाला जा,” ती म्हणाली. “आणि हे सगळं त्याला सांगून ये.”

मी गेलो. एसटीनं दीड तास. निंगाप्पा झाडाखाली बसून बोटांनी कामट्या ओवत होता, भोवती चार म्हातारे. मी नाव सांगितल्यावर तो केवढ्यानं ओरडला! “ह्येच त्ये! आईचा नंबर देणारं ह्येच!” म्हाताऱ्यांनी सरकून मला जागा दिली. एकानं खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी चहा आणला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि तो हसऱ्या चेहऱ्यानं माझ्या आवाजाची वाट बघत होता.

मी चहा प्यालो. पावसापाण्याचं बोललो. शेवटच्या गाडीनं परत आलो.

आई दारातच होती.

“सांगितलंस?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडं बघितलं. मग “बरं” म्हणाली आणि आत गेली.